निवृत्तीनंतरचे परदेशवास्तव्य आणि सहायक श्वान

नोकरीतून निवृत्त झाल्यावर दुसऱ्या देशात जाऊन स्थायिक होण्याची प्रथा पाश्चात्त्य देशांत आता चांगलीच रुळली आहे. ब्रिटनमधील अनेक निवृत्त कुटुंबांनी स्पेनचा समुद्रकिनारा कित्येक दशकांपासून आपलासा केला आहे. अमेरिकेतील निवृत्त मेक्सिको, कोस्टा रिका, पोर्तुगाल अशा देशांची वाट धरतात. सौम्य हवामान, आटोक्यातील खर्च आणि निवांत जीवन ही त्यामागील प्रमुख कारणे होत. या स्थलांतर करणाऱ्यांत काही जण अंध असतात, काहींना ऐकू येत नाही, तर काहींना चाकांच्या खुर्चीशिवाय हालचाल करता येत नाही. अशा व्यक्तींपैकी काहींच्या सोबत एक प्रशिक्षित कुत्रा असतो. त्याच्या मदतीने त्या रस्ता ओलांडतात, दुकानात जातात, बस पकडतात. तो नसेल तर नव्या देशातील त्यांचे घर हे त्यांच्यासाठी चार भिंतींपुरतेच उरते.

माणसाला परदेशी जाण्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसा लागतो, हे सर्वांना ठाऊक आहे. या कुत्र्यासाठी काय लागते, त्याला कोणते हक्क आहेत, आणि ते हक्क सीमा ओलांडल्यावर टिकतात काय, याची माहिती मात्र फारशी प्रसृत झालेली नाही. अमेरिकेतून पोर्तुगालला जाणाऱ्या निवृत्त व्यक्तीचे उदाहरण समोर ठेवून या प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

सहायक श्वान म्हणजे काय?

अपंग व्यक्तीला तिच्या अपंगत्वामुळे अवघड जाणारे एखादे निश्चित काम करून देण्यासाठी शिकवलेला कुत्रा म्हणजे सहायक श्वान. अंधांना वाट दाखवणारा मार्गदर्शक श्वान हा त्यांपैकी सर्वांत जुना प्रकार. दाराची घंटा किंवा धोक्याचा भोंगा वाजल्याचे कर्णबधिरांच्या लक्षात आणून देणारे, खाली पडलेली वस्तू उचलून देणारे, दार उघडणारे, मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील साखर घसरू लागताच इशारा देणारे असे इतर प्रकार पुढे विकसित झाले. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि जर्मन शेफर्ड या जातींचा यासाठी विशेष उपयोग होतो.

या कार्याला संघटित रूप आले ते पहिल्या महायुद्धाच्या काळात. युद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ साली जर्मनीत ओल्डेनबुर्ग येथे मार्गदर्शक श्वानांची शाळा सुरू झाली. डोरोथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकन महिला स्वित्झर्लंडमध्ये कुत्र्यांच्या प्रशिक्षणाचे काम करीत. जर्मनीतील या प्रयोगावर त्यांनी १९२७ साली एका अमेरिकन साप्ताहिकात लेख लिहिला. टेनेसी राज्यातील मॉरिस फ्रँक या अंध तरुणाला तो वाचून दाखवण्यात आला आणि १९२८ साली तो स्वित्झर्लंडला गेला. जाताना बोटीवरच्या कर्मचाऱ्यांच्या हाती सोपवलेल्या सामानासारखा त्याचा प्रवास झाला. परतताना ‘बडी’ नावाची जर्मन शेफर्ड कुत्री त्याच्यासोबत होती आणि न्यूयॉर्कमधील वाहतुकीने गजबजलेला रस्ता त्याने तिच्या साहाय्याने वार्ताहरांच्या देखत ओलांडला. २९ जानेवारी १९२९ रोजी अमेरिकेत ‘द सीइंग आय’ ही संस्था स्थापन झाली. सहायक श्वानाच्या अमेरिकेतील इतिहासाचा आरंभच असा परदेशप्रवासाने झालेला आहे.

हक्क देशाच्या सीमेपाशी थांबतो

अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यान्वये सहायक श्वानाला दुकान, उपाहारगृह, रुग्णालय, कार्यालय इत्यादी सार्वजनिक ठिकाणी प्रवेश आहे. हा कायदा उदार आहे. कुत्र्याला कोणत्याही संस्थेचे प्रमाणपत्र असावे लागत नाही. मालकाने स्वतः शिकवलेला कुत्राही चालतो. हा कुत्रा कशासाठी आहे हे उघड दिसत नसेल, तर तेथील कर्मचाऱ्यांना केवळ दोन प्रश्न विचारता येतात: अपंगत्वामुळे या कुत्र्याची गरज आहे काय, आणि कोणते काम करण्यास त्याला शिकवले आहे? कागदपत्र मागता येत नाही किंवा आजाराची चौकशी करता येत नाही.

अमेरिकेत वर्षानुवर्षे या कायद्याच्या आधारे वावरलेल्या व्यक्तीची खरी अडचण येथेच सुरू होते. पोर्तुगालमध्ये २००७ सालच्या कायद्याने मार्गदर्शक श्वान, कर्णबधिरांचा श्वान आणि इतर कामे करणारा सेवा श्वान अशा तिन्ही प्रकारांना सार्वजनिक ठिकाणी व वाहनांत प्रवेशाचा हक्क दिलेला आहे. तो हक्क मात्र प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राशी जोडलेला आहे. यासाठी खास पात्रता असलेले प्रशिक्षक ज्या देशी किंवा विदेशी संस्थेत काम करतात, त्या संस्थेनेच हे प्रमाणपत्र दिलेले असावे लागते. त्याशिवाय कुत्र्याकडून कोणाचे नुकसान झाल्यास भरपाईची सोय म्हणून विमाही उतरवावा लागतो. घरीच शिकवलेला आणि म्हणून कोणताही कागद नसलेला कुत्रा अमेरिकेत पूर्ण हक्काचा असतो; पोर्तुगालमध्ये उतरल्यावर तोच कायद्याच्या दृष्टीने घरगुती पाळीव प्राणी ठरण्याचा धोका असतो. कुत्रा तोच, त्याचे कौशल्य तेच. परंतु मान्यता मात्र नव्या देशाच्या कायद्याने द्यावयाची असते.

यावर उपाय एकच आहे. ज्या देशात जायचे त्या देशाचा कायदा व्हिसाच्या अर्जापूर्वीच पाहावा. मार्गदर्शक श्वानांच्या शाळांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९८९ साली स्थापन झाला असून इतर सहायक श्वानांच्या संस्थांचीही आंतरराष्ट्रीय संघटना आहे. त्यांच्या सदस्य संस्थेचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र असल्यास अनेक देशांत कुत्र्याची ओळख पटवणे सुलभ होते. हे कागद नव्या देशाच्या भाषेत भाषांतरित करून जवळ ठेवणे श्रेयस्कर.

भावनिक आधाराचा कुत्रा वेगळा

एकाकी वृद्धांना कुत्र्याच्या सोबतीने धीर येतो, मन रमते, हे निर्विवाद आहे. परंतु केवळ सोबतीने आधार देणारा कुत्रा आणि विशिष्ट काम शिकलेला सहायक श्वान यांत कायदा फरक करतो. मानसिक आजारामुळे येणारा झटका ओळखून ठरावीक कृती करण्यास शिकवलेला कुत्रा सहायक श्वान गणला जातो. नुसता जवळ बसून राहणारा गणला जात नाही. अमेरिकेतील विमान कंपन्या पूर्वी दोन्ही प्रकारांना केबिनमध्ये विनामूल्य नेत असत. या सवलतीचा गैरवापर वाढल्याच्या तक्रारी झाल्या आणि जानेवारी २०२१ पासून अमलात आलेल्या नियमांनी भावनिक आधाराच्या प्राण्यांना सहायक श्वानांच्या यादीतून वगळले. वृद्ध आईवडिलांच्या प्रवासाची तयारी करणाऱ्या मुलांनी हा फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

रोगाचा कायदा कोणालाही सूट देत नाही

प्रवेशाच्या हक्काचा कायदा एक आणि प्राण्यांच्या रोगांपासून देशाचे संरक्षण करणारा कायदा दुसरा. पहिल्यात सहायक श्वानाला विशेष स्थान आहे. दुसऱ्यात तो इतर कुत्र्यांच्या रांगेतच उभा असतो, कारण रेबीजचा विषाणू कुत्र्याचे काम पाहत नाही. लक्षणे दिसू लागल्यानंतर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणूनच ज्या देशांनी तो आटोक्यात आणला, ते बाहेरून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्याची कसून तपासणी करतात.

ब्रिटनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्या देशात येणाऱ्या कुत्र्याला सहा महिने क्वारंटाइनमध्ये काढावे लागत. मार्गदर्शक श्वान सहा महिने पिंजऱ्यात राहणे म्हणजे त्याच्या अंध धन्याने सहा महिने पराधीन होणे. साहजिकच अशा व्यक्तींना कुत्र्यासह परदेशी जाऊन परत येणे जवळपास अशक्य होते. २८ फेब्रुवारी २००० रोजी ब्रिटनने पाळीव प्राण्यांच्या प्रवासाची नवी योजना सुरू केली. मायक्रोचिप, लस आणि रक्तचाचणी यांच्या आधारे ठरावीक देशांतून येणाऱ्या कुत्र्यांची क्वारंटाइनमधून सुटका झाली. युरोपीय संघानेही २००४ सालापासून कुत्र्यांसाठी समान पासपोर्ट लागू केला. पिंजऱ्याची जागा कागदाने घेतली. परंतु त्या कागदातील प्रत्येक तारीख बिनचूक असावी लागते.

तारखांचा हिशेब

युरोपीय संघात कुत्रा नेण्याची प्रक्रिया चार पायऱ्यांची आहे आणि त्या पायऱ्यांचा क्रम बदलता येत नाही.

पहिली पायरी मायक्रोचिपची. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप कुत्र्याच्या कातडीखाली बसवतात. तिच्यात आंतरराष्ट्रीय मानकानुसार पंधरा आकडी क्रमांक असतो आणि यंत्राने तो वाचता येतो.

दुसरी पायरी रेबीजच्या लशीची. कुत्रा किमान बारा आठवड्यांचा असावा आणि लस चिप बसवल्यानंतर, अथवा त्याच दिवशी चिपनंतर, टोचलेली असावी. चिपच्या आधी टोचलेली लस हिशेबात धरत नाहीत. कारण ती याच कुत्र्याला टोचली होती, हे सिद्ध करण्याचे साधन त्या वेळी नव्हते. अनेकांचे वेळापत्रक कोलमडते ते याच ठिकाणी.

तिसरी पायरी प्रतीक्षेची. पहिल्या लशीनंतर किमान एकवीस दिवस थांबावे लागते. अमेरिकेतून जाणाऱ्यास एवढे पुरते. भारतासारख्या, युरोपीय संघाच्या सवलतीच्या यादीत नसलेल्या देशातून जाणाऱ्यास मात्र रक्तचाचणीही करावी लागते. लशीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ताचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवतात. त्यात प्रत्येक मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक इतकी प्रतिपिंडे आढळली पाहिजेत. त्यानंतर नमुना घेतल्याच्या तारखेपासून आणखी तीन महिने थांबावे लागते. याचा अर्थ असा की, येथून निघण्याची तयारी चार-पाच महिने आधी सुरू व्हावयास हवी. जपानचा नियम याहून कडक आहे. तेथे यादीबाहेरील देशातून येणाऱ्या कुत्र्याला दोन लशी आणि रक्तचाचणी झाल्यावर १८० दिवसांची प्रतीक्षा करावी लागते.

चौथी पायरी आरोग्य प्रमाणपत्राची. अमेरिकेत अधिकृत पशुवैद्यक ते तयार करतो आणि तेथील कृषी विभाग त्यावर शिक्कामोर्तब करतो. त्यानंतर दहा दिवसांच्या आत कुत्रा युरोपात पोहोचला पाहिजे. पोर्तुगालमध्ये उतरण्यापूर्वी किमान ४८ तास विमानतळावरील पशुवैद्यकीय कक्षाला आगाऊ कळवावे लागते.

व्हिसाची तारीख, घराच्या भाडेकराराची तारीख आणि कुत्र्याच्या लशीची तारीख या तिन्हींची सांगड घालूनच विमानाचे तिकीट काढणे हिताचे असते.

विमानातील प्रवास

अमेरिकेत येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांत सहायक श्वान मालकाच्या पायाशी बसून विनामूल्य प्रवास करतो. कुत्र्याचे आरोग्य, वर्तन आणि प्रशिक्षण यांविषयी मालकाने ठरावीक नमुन्यात निवेदन द्यावयाचे असते आणि कंपनी ते प्रवासापूर्वी ४८ तास मागू शकते. प्रवास आठ तासांचा किंवा त्याहून अधिक असेल, तर कुत्रा तेवढा वेळ मलमूत्र विसर्जनावाचून राहील किंवा त्याची स्वच्छ व्यवस्था करता येईल, असेही लिहून द्यावे लागते. युरोपात २००६ सालच्या नियमान्वये मान्यताप्राप्त सहायक श्वानाला केबिनमध्ये नेण्याची सोय आहे. तथापि तेथेही मान्यता कोणास, हे संबंधित देशाचे नियम ठरवतात.

प्रवासापूर्वी कुत्र्याला बेताचेच खाणे द्यावे, पाणी थोडे थोडे पाजावे आणि विमानात बसण्याआधी त्याला चांगले फिरवून आणावे, असा अनुभवी मालकांचा परिपाठ आहे. गुंगीचे औषध देणे योग्य नव्हे. गुंगीतला कुत्रा काम करू शकत नाही आणि उंचावर त्याच्या श्वासोच्छ्वासावरही परिणाम होण्याची भीती असते.

नव्या घरातील पहिले वर्ष

पोर्तुगालमध्ये निवृत्तिवेतनासारखे नियमित उत्पन्न असलेल्या परकीयांना विशेष व्हिसा मिळतो. तेथे पोहोचल्यावर निवासाचा परवाना घ्यावयाचा असतो. त्यासोबत कुत्र्याचीही नोंद राष्ट्रीय नोंदवहीत करावी लागते आणि परवाना घ्यावा लागतो. पंचायत सदस्यांना कुतूहल वाटावे अशी गोष्ट म्हणजे हा परवाना ‘फ्रेगेझीया’ या तेथील सर्वांत लहान स्थानिक स्वराज्य घटकाकडून मिळतो. आपल्या ग्रामपंचायतीशी या संस्थेचे पुष्कळ साम्य आहे. कुत्रे कोणाचे, त्याला लस टोचली आहे काय, याची नोंद तेथे गावपातळीवर राहते.

हवामानही नवे असते. भूमध्य समुद्राच्या परिसरातील देशांत आणि पोर्तुगालमध्ये वाळूमाशीच्या चाव्यातून कुत्र्यांना लीशमॅनियासिस हा चिवट रोग होतो. माशीला दूर ठेवणारा औषधी पट्टा गळ्यात बांधणे आणि संध्याकाळनंतर कुत्र्याला घरात ठेवणे, हे त्यावरील साधे उपाय होत. नवे रस्ते, नवे पदपथ, नव्या बसगाड्या यांची ओळख होण्यासही वेळ लागतो. ओळखीच्या वाटेवर बिनचूक चालणारा मार्गदर्शक श्वान अनोळखी शहरात धन्याच्या सूचनांवर अवलंबून असतो. धन्याला स्वतःलाच वाट ठाऊक नसेल तर तो तरी काय करणार? म्हणून आरंभी काही आठवडे डोळस सोबत्यासह नेहमीच्या वाटा पाठ करून घ्याव्या लागतात.

सर्वांत कठीण प्रश्न कुत्र्याच्या वयाचा आहे. सुमारे दोन वर्षांचा असताना तो कामाला लागतो आणि साधारणतः दहाव्या वर्षाच्या आसपास निवृत्त होतो. पासष्टाव्या वर्षी आठ वर्षांच्या कुत्र्यासह परदेशी गेलेल्या व्यक्तीला लवकरच दुसऱ्या कुत्र्याची गरज भासणार, हे उघड आहे. तो कोठून मिळणार? मायदेशातील संस्था परदेशात राहणाऱ्याला नवा कुत्रा देईल काय? नव्या देशातील संस्थेची प्रतीक्षायादी किती लांब आहे? तेथील प्रशिक्षणाची भाषा कोणती? ब्रिटनमध्ये मार्गदर्शक श्वानाची मालकी बहुधा संस्थेकडेच असते, तर ‘द सीइंग आय’ ती शिकून बाहेर पडणाऱ्या अंध व्यक्तीच्या नावे करते. त्यामुळे संस्थेशी आधी विचारविनिमय केल्यावाचून कायमचे स्थलांतर करणे धोक्याचे ठरते. निवृत्त झालेला जुना कुत्रा घरातच राहणार असेल, तर दोघांचा खर्च आणि दोघांची देखभाल यांचाही विचार करावा लागतो.

आपल्याकडील स्थिती

महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांची मुले अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक झाली आहेत. वृद्ध आईवडील त्यांच्याकडे जातात, तर परदेशात उमेद घालवलेले काही जण निवृत्तीनंतर मायदेशी परततात. वास्तव्य बदलून भारतात येणाऱ्या व्यक्तीला आपला कुत्रा आणावयाचा असल्यास केंद्र शासनाच्या पशु क्वारंटाइन व प्रमाणन सेवेचे ना-हरकत प्रमाणपत्र आधी मिळवावे लागते. या सेवेचे कार्यालय मुंबईतही आहे.

भारताच्या भेटीला सहायक श्वानासह येणाऱ्या अमेरिकावासीयाने एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. कुत्र्यांच्या रेबीजच्या बाबतीत अमेरिकेने भारताचा समावेश अधिक जोखमीच्या देशांत केला आहे. ऑगस्ट २०२४ पासून अमलात आलेल्या नियमांनुसार, अमेरिकेत लस टोचल्याचे ठरावीक प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच तेथील कृषी विभागाकडून घेतलेले असेल, तर परतीचा प्रवास सुकर होतो. ते नसल्यास परतताना रक्तचाचणी अथवा क्वारंटाइनला तोंड द्यावे लागते. युरोपातून येणाऱ्यानेही रक्तचाचणी तेथून निघण्यापूर्वी करून पासपोर्टात नोंदवून घेतली, तर परतीच्या वेळची तीन महिन्यांची प्रतीक्षा टळते.

भारतात अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने अडथळाविरहित प्रवेशाचे तत्त्व स्वीकारले आहे आणि नागरी विमान वाहतुकीच्या नियमांतही प्रशिक्षित मार्गदर्शक श्वानाची सोय आहे. तरीही सहायक श्वान आपल्याकडे क्वचितच दिसतो. म्हणूनच तो एखाद्या तहसील कार्यालयात, शाळेत किंवा एस.टी. स्थानकावर आला, तर काय करावे, हे जाणून घेणे अगत्याचे आहे. त्याला दारात अडवू नये. बोलायचे ते कुत्र्याच्या धन्याशी बोलावे. कुत्र्याला हाक मारू नये, थोपटू नये, खाऊ देऊ नये. हार्नेस अंगावर असताना तो कामावर असतो आणि त्याचे लक्ष विचलित झाल्यास धन्याचा पाय खड्ड्यात जाऊ शकतो. भटकी कुत्री अंगावर येत असल्यास त्यांना दूर ठेवण्यास मदत करावी. या साध्या गोष्टी शिक्षकांनी विद्यार्थ्यांना सांगितल्यास त्या घरोघर पोहोचतील.

कुत्र्यांतून पसरणाऱ्या रेबीजचे २०३० सालापर्यंत उच्चाटन करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२१ साली जाहीर झाला. शेजारच्या गोवा राज्यात कुत्र्यांच्या व्यापक लसीकरणाची मोहीम राबवल्यानंतर ते राज्य त्याच वर्षी रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित करण्यात आले. नियोजन, नोंदी आणि लोकांचे सहकार्य असल्यास हे साध्य होते, असे त्यावरून दिसते. गावातील कुत्र्यांना लस टोचण्याचे काम मुख्यतः गावातील मुलाबाळांच्या जिवासाठी आहे, यात शंका नाही. परंतु एखाद्या देशातून येणाऱ्या कुत्र्याला इतर देशांनी किती महिने थांबवावे, हेही अखेर त्या देशातील रेबीजच्या स्थितीवर ठरते. ग्रामपंचायतीने ठेवलेल्या लसीकरणाच्या नोंदवहीचा संबंध अशा रीतीने दूरच्या विमानतळावर आपल्या मार्गदर्शक श्वानासह रांगेत उभ्या असलेल्या वृद्धाशीही पोहोचतो.